औंधचं संग्रहालय, आई आणि मुलं: आता पुढं कुठं जावं?

हळदगाठ

मागच्या रविवारी आम्ही पाच जण सांगलीहून औंधला जाऊन आलो. हे, मी, सासूबाई (वय ७६, धाग्यात त्यांना आई म्हणते), लेक चौथीतली आणि मुलगा पहिलीतला. लेकीला शाळेतून जवळपासच्या एका वस्तुसंग्रहालयावर लिहून आणायचं होतं. औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात येतं. पण आपल्या जिल्ह्यातलं आटपाडी आणि कुंडल एकेकाळी औंध संस्थानातच होतं, म्हणून बाईंनी चालेल म्हणून सांगितलं.

तासगाव, विटा करत पुसेसावळीवरून गेलो. आईंनी आधी यमाईचं दर्शन घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे गावातलं देऊळ, समोरची ती उंच दीपमाळ, मग डोंगर. श्री भवानी संग्रहालय मूळपीठाच्या डोंगरावर निम्म्या वाटेत आहे. गाडी वरपर्यंत जाते.

हे संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनही करायचे. लहानशा संस्थानाच्या राजानं राजा रविवर्म्याची चित्रं, लघुचित्रं, चंदनाच्या आणि हस्तिदंताच्या कोरीव वस्तू, युरोपातल्या पुतळ्यांच्या संगमरवरी प्रतिकृती हे सगळं एका खेड्यातल्या डोंगरावर आणून ठेवलं आणि लोकांना खुलं केलं, हे मला तिथं उभं राहिल्यावर खऱ्या अर्थानं कळलं.

पहिली पंधरा मिनिटं मुलं नुसती या दालनातून त्या दालनात पळत होती. मी मागून "हात लावू नको" म्हणत होते. मग आई रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर थांबल्या. चष्मा पुसला आणि नातीला म्हणाल्या, "ही द्रौपदी. पण इथं तिचं नाव सैरंध्री." विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेली, राणीच्या वेण्या घालणारी, राणीनंच कीचकाच्या महालात पाठवलेली बाई. आईंनी गोष्ट सुरू केली ती कीचकवधापर्यंत नेली. आमची दोघं खाली बसली, आणखी कुणाची तरी तीन मुलं येऊन बसली. तिथले कर्मचारीही ऐकत उभे राहिले. वीस मिनिटं एकाच चित्रासमोर! मी एकटी असते तर अर्ध्या मिनिटात पुढं गेले असते.

हस्तिदंताच्या वस्तूंपाशी लेकीनं विचारलं, "याच्यासाठी हत्ती मेला का?" मी आणि हे एकमेकांकडं बघायला लागलो. आई म्हणाल्या, "हात सुरेख आहे गं कारागिराचा. पण हत्तीला कुणी विचारलं नव्हतं." लेकीनं ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प इथं आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी ते शोधून दाखवलं. धाकटा त्याच्याभोवती दोनदा फिरला. काही बोलला नाही. बाहेर आल्यावर मात्र देवळाच्या दगडावर हात फिरवत म्हणाला, "हा आपल्या पाट्याचा दगड आहे."

इथं थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचं जुनं घर गावभागात. २०१९ च्या महापुरात माळ्याच्या खालचं सगळं पाण्यात होतं. लाकडी फडताळ, आजेसासऱ्यांच्या पोथ्या, लग्नाचे फोटो, पितळी डब्यातली कागदपत्रं, काही राहिलं नाही. पाणी उतरल्यावर गाळ उपसताना फावडं दगडावर वाजलं. पाटा जागच्या जागी होता. वरवंटा दोन दिवसांनी परसात सापडला. आईंनी पाटा धुतला, हळद-कुंकू वाहिलं आणि त्या पुरात पहिल्यांदा रडल्या. मुलगा तेव्हा तान्हा होता, पण ही गोष्ट त्यानं इतक्यांदा ऐकली आहे की काळा दगड दिसला की त्याला पाटाच आठवतो.

तर आता प्रश्न. मुलांना प्राणी, पक्षी, दगड, झाडं असं निसर्गाकडचं काही दाखवायचं आहे, पण जुन्या वस्तूही हव्यात, कारण आई तिथंच खुलतात. सांगली-सातारा-कोल्हापूर भागात एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे? आईंचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. आणि तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन गेला असाल तर ते कसं जमवलंत, हेही लिहा.

यवतेश्वर

फार सुंदर लिहिलंय. सैरंध्रीचा प्रसंग डोळ्यांसमोर आला.

साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय करा. एसटीनं आलात तरी सोपं आहे. आईंचं वय ७६ म्हणजे एसटीचा प्रवास पूर्ण मोफत (७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून), तुम्हाला आणि लेकीला अर्धं तिकीट.

आम्ही २०२४ साली वाघनखं बघायला गेलो होतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं ती तीन वर्षांसाठी दिली, आणि महाराष्ट्रात आल्यावर जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा ठेवली ती आमच्या साताऱ्यात. माझे वडील ८१ वर्षांचे, त्यांना तिथं जायचंच होतं. रांगेत माझ्या मुलानं विचारलं, "ही खरंच महाराजांची का?" मी त्याला जे माहीत होतं ते सांगितलं. १८१८ नंतर साताऱ्याला ग्रँट डफ नावाचा ब्रिटिश अधिकारी होता, ती त्याच्याकडं होती, त्याच्या वंशजानं लंडनच्या संग्रहालयाला दिली. आणि अफझलखानाच्या वेळची ती हीच, हे खात्रीनं सांगता येत नाही असं लंडनचं संग्रहालय स्वतःच म्हणतं.

वडिलांना ते आवडलं नाही. मला वाटलं ते रागावतील. पण काचेसमोर पोचल्यावर त्यांनी हात जोडले आणि नातवाला म्हणाले, "पुरावा शोधायचं काम तुमच्या पिढीचं. नमस्कार करायचं माझं." मला दोघांचंही पटलं, आजही पटतं. मुलांना शंका विचारू द्यावी आणि मोठ्यांना हात जोडू द्यावेत.

करवीरकर

सांगलीहून कोल्हापूर ५० किलोमीटर. न्यू पॅलेस. संग्रहालय तळमजल्यावर आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही. १८७७ ते १८८४ या काळात मेजर मँट या वास्तुविशारदानं बांधलेला काळ्या दगडाचा राजवाडा, त्यामुळे तुमच्या धाकट्याला दारातच पाटा भेटेल.

आत शस्त्रं, पोशाख, दरबार आणि पेंढा भरलेले प्राणी. वाघ, अस्वल, रानकुत्री, हरणं. मुलांना इतक्या जवळून वाघाचा पंजा केवढा असतो हे दुसरीकडं कुठं दिसणार? शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळायचे, त्यांना शिकवून काळविटांच्या मागं सोडायचे. आमच्या आजोबांनी चित्तेवानांच्या गोष्टी सांगितल्या आहेत. तो चित्ता आपल्या देशातून संपला, १९५२ साली सरकारनं तसं जाहीर केलं आणि २०२२ साली नामिबियाहून आठ आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले. हे सगळं त्या दालनात उभं राहून सांगता येतं.

टाउन हॉलचं संग्रहालयही सोडू नका. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तू तिथल्या. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझची मूर्ती कोल्हापुरात सापडली! सातवाहनांच्या काळात रोमन व्यापार कुठंपर्यंत पोचला होता, ते समुद्रापासून इतक्या आत आल्यावर कळतं.

रातराणी

मला मात्र मेलेले प्राणी मुलांना दाखवावेसे वाटत नाहीत. आमची मुलगी सहा वर्षांची असताना अशाच एका ठिकाणी वाघाचे काचेचे डोळे बघून घाबरली आणि आठवडाभर झोपेतून उठत होती. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्यांना माणसांनी मारलं आणि मग सजवून ठेवलं. मी तिला काय उत्तर देणार?

हळदगाठ, तुमच्या लेकीनं हस्तिदंतापाशी जो प्रश्न विचारला तो तिथं पावलोपावली येईल. तयारी नसेल तर नेऊ नका, एवढंच मनापासून सांगते. त्यापेक्षा सागरेश्वरला जा.

कुंडलवासी

सागरेश्वरला माझं अनुमोदन. घराजवळ म्हणून नाही, खरोखरच दाखवण्यासारखं आहे म्हणून. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालं. पण त्याची खरी गोष्ट त्याआधीची. हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन इथं झाडं लावायचा ध्यास घेतला. हरणं, सांबरं, काळविटं आणून सोडली. माणसानं तयार केलेलं जंगल आहे हे. मुलांना सांगा की इथलं एकेक झाड कुणीतरी पाणी घालून जगवलंय.

आणि 'जुन्या वस्तू' हव्यात म्हणता, तर पायथ्याला देवळांचा समूह आहे. आईंना तिथं बसवा, मुलांना घेऊन वर जा. पहाटे किंवा उन्हं उतरताना. दुपारी काही दिसत नाही.

औंधावरून एक राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती औंधच्याच राजांनी. निवडुंग आणि साप असलेला माळ होता असं जुनी माणसं सांगायची. आज किर्लोस्करवाडी म्हणतो आपण. त्यामुळे औंधच्या संग्रहालयातली चित्रं बघताना मला ती दूरच्या कुणा संस्थानाची वाटत नाहीत, आमच्याच राजाची वाटतात.

माणगंगा

कुंडलकर, आमचं पण तेच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हाय. १९३९ ला औंधच्या राजानं आणि मॉरिस फ्रिडमन म्हणून पोलंडचा इंजिनिअर होता, त्यांनी कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत न्हाई, बेड्या न्हाईत. कैदी बायकापोरांसंगं राहून शेती करायचे. आजही हाय. संग्रहालय म्हंजे काचेतलंच पाहिजे आसं कुटं हाय? पोरांना तिथली गोष्ट सांगा. त्याच साली औंधच्या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता लोकांच्या हाती दिली, बहात्तर गावांच्या पंचायतींना. कुणी मागायच्या आधी.

ताई, तुमच्या पाट्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पाट्याला टाकी कुणी लावलीवती ते आईंना आठवतं का? आमच्याकडं टाकीवाल्या बाया यायच्या, "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" आशी हाळी द्यायच्या. छिन्नीनं टिपकं टिपकं मारत जायच्या. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकती, वाटत न्हाई. टाकी लावली की परत धार. आमची आय त्या बाईला आधी जेवायला घालायची, मग पाटा द्यायची.

जांभादगड

तुमच्या धाकट्यानं देवळाच्या दगडावर हात ठेवून जे सांगितलं ते भूशास्त्राच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

औंधचा डोंगर, कोल्हापूरचा राजवाडा, अजिंक्यताऱ्याचा कडा आणि तुमचा पाटा, सगळा एकच काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. टोकदार ज्वालामुखीतून उसळतो तसा नव्हे, भेगांमधून पसरत गेला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. असे थरावर थर साचून आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी झाकलेला आहे. साताऱ्याकडं जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना? प्रत्येक पायरी हा लाव्हाचा एक थर किंवा थरांचा गट. या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला आहे. मुलांना गाडीतून पायऱ्या मोजायला सांगा. माझ्या मुलीनं वाईच्या रस्त्याला एकदा सात मोजल्या होत्या.

पाट्याला हाच दगड का? बारीक कणांचा, घट्ट, वाटताना त्याचा भुगा अन्नात येत नाही. ज्या दगडात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या तो पाथरवट बाजूला टाकतो. पण त्याच टाकलेल्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाणी झिरपून पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक तयार होतात. त्यांना झिओलाइट म्हणतात, आणि महाराष्ट्रातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडं बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. लांब आहे, पण नाशिकला जाणार असाल तेव्हा लक्षात ठेवा. तोपर्यंत विहीर खणताना निघालेल्या दगडांच्या ढिगात मुलांना शोधू द्या. सापडतात.

संग्रहालयातून निघाल्यावर मुलानं हा दगड ओळखला यात सगळं आलं. निसर्गाचं दालन वेगळं आणि संस्कृतीचं वेगळं ही सोय कपाटं मांडणाऱ्यांची आहे. लाव्हा, पाथरवट, टाकीवाली, तुमच्या सासूबाई ही सगळी एकाच वस्तूची माहिती आहे.

वायतुरा

माझं टोपणनाव ज्या फुलाचं आहे ते इथं सांगायची संधी सोडत नाही. वायतुरा ही कासच्या पठारावरची वनस्पती, तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचं नाव आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर येते.

जांभादगड यांनी काळा पाषाण सांगितला, कास म्हणजे त्याचाच म्हातारपणीचा अवतार. लाखो वर्षं पावसानं बसाल्टमधलं बरंच काही धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, तो लाल जांभा. त्यावर माती बोटभर. मोठी झाडं रुजत नाहीत, म्हणून पावसाळ्यात सगळा पसारा छोट्या रोपांचा. मातीत पोषण इतकं कमी की काही रोपं किडे खाऊन जगतात. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावरचे चिकट थेंब मुलांना भिंगातून दाखवा. सीतेची आसवं ही वनस्पती पाण्याखालच्या पिशव्यांमध्ये किडे पकडते. ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत आहे.

आईंना पार्किंगपासून थोडं चालावं लागेल, पण सपाट आहे. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शक्यतो सोमवार ते शुक्रवार, आधी नोंदणी करून. हात जोडून एकच विनंती: वाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नका. जी माती तुडवली जाते ती परत यायला आपलं आयुष्य पुरत नाही. आपण औंधला चित्राला हात लावतो का?

मेणवली

मुंबईला कधी येणार असाल तर फोर्ट भागातलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, इमारत जॉर्ज विटेटची. तिथं निसर्गाचं दालन आणि शिल्पं, लघुचित्रं, शस्त्रं एकाच छपराखाली आहेत, म्हणजे तुमचा प्रश्न अगदी तसाच सुटतो. पण एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही धरला, आणि तिसऱ्या तासाला सगळे एकमेकांवर चिडले होते. दुसऱ्या खेपेला फक्त पक्षी आणि फक्त लघुचित्रं बघितली.

पण आईंसाठी म्हणाल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते, दिवे, कुलपं, कुंकवाचे करंडे, फण्या. दिनकर केळकरांनी हे सगळं गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून, भंगारातून जमवलं आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. माझ्या आईला तिथं घेऊन गेले होते. ती प्रत्येक वस्तूसमोर "ही आपल्याकडं होती" म्हणत होती आणि शेवटी एका दिव्यापुढं गप्प झाली. तो तिच्या माहेरच्या देवघरातल्या दिव्यासारखा होता. जिने आहेत तिथं, तेवढं बघा.

निवृत्त_शिक्षक

३२ वर्षं मुलांच्या सहली नेल्या. एक अनुभव सांगतो. संग्रहालयात शिरण्यापूर्वी दारात मुलांना विचारावं, तुला आज काय शोधायचंय? कुणी म्हणतं तलवार, कुणी म्हणतं मोर. मग तो मोर चित्रात सापडो, साडीच्या काठावर सापडो किंवा समईच्या टोकावर. शोधणारं मूल पळत नाही.

पाट्या वाचून दाखवू नयेत. आणि चित्र काढायला लावावं, वाईट आलं तरी. कागदावर समईची घडण काढताना मुलाला कळतं की तेल खाली का गळत नाही.

रातराणी ताईंच्या मताचा मी आदर करतो. मात्र प्राणी का मारले गेले, याचं उत्तर टाळू नये. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याआधी शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, हे दहा वर्षांच्या मुलाला समजतं. सहा वर्षांच्याला थोडं थांबवावं.

करवीरकर

रातराणी, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, मी लिहिताना तो विचार केला नव्हता. तरी एक सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. पेंढा भरलेला म्हणतो आपण, पण आत अख्खा प्राणी नसतो. कातडी कमावून साच्यावर चढवतात, डोळे काचेचे, जीभ-हिरड्या रंगवलेल्या. माझ्या मुलाला हे आधीच सांगितल्यावर त्याची भीती गेली आणि तो शिवण कुठं आहे ते शोधत बसला. हात मात्र लावू देऊ नका. पूर्वी कातडी टिकावी म्हणून आर्सेनिक वापरायचे.

हळदगाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. आईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. माणगंगा, तुमचा दोनदा वाचायला लावला. टाकीवालीचं नाव त्यांना आठवत नाही, ती मिरजेकडून यायची आणि तिच्या पाठीला बाळ बांधलेलं असायचं एवढं आठवतं. जाऊन आलो की लिहिते.

हळदगाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल कोल्हापूरला जाऊन आलो.

रातराणी, तुमचं ऐकून आम्ही आधी घरी बोललो. धाकट्याला विचारलं, त्यानं प्राण्यांच्या दालनात फक्त दारातून बघायचं ठरवलं, आणि तसंच केलं. ह्यांनी त्याला बाहेर घड्याळाचा मनोरा दाखवला. लेक मात्र आत वाघासमोर खूप वेळ उभी होती. तिनं आईंना विचारलं, "आजी, तुझ्या लहानपणी वाघ होते?" आईंचं माहेर शिराळ्याकडचं, चांदोलीच्या जंगलाला लागून. त्या म्हणाल्या, "होते म्हणायचे. मी डरकाळी ऐकलेली नाही. माझ्या आजीनं ऐकली होती." परतीच्या वाटेवर मी लेकीला सांगितलं की तेच जंगल आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१० पासून. तर तिनं आजीला शब्द दिला की तुला डरकाळी ऐकवायला घेऊन जाईन.

टाउन हॉल राहिला. आईंना दम लागला, आणि मेणवली, तुमचा तिसरा तास आठवला. पुन्हा जाऊ.

शाळेचं काम औंधवर पूर्ण झालं होतं, पण लेकीनं घरी आल्यावर स्वतःहून आणखी एक पान लिहिलं. संग्रहालयात वस्तूंखाली असते तशी पाटी, आमच्या पाट्यासाठी. तिला विचारून इथं देते आहे:

"पाटा आणि वरवंटा. दगड: काळा पाषाण (बसाल्ट). दगडाचं वय: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. आमच्या घरी: पणजीच्या लग्नापासून. वापर: मिरची, खोबरं, पुरणाची डाळ. २०१९ च्या पुरात ९ दिवस गाळाखाली होता. हात लावायला परवानगी आहे."

माणगंगा

लई भारी पाटी. पर टाकीवाली राहिली की ताई.

हळदगाठ

सांगितलं तिला. लगेच खाली ओळ घातली: "टाकी लावणारी: मिरजेकडून येणारी बाई, पाठीला बाळ. नाव शोधायचं आहे." आई आता मिरजेतल्या त्यांच्या जुन्या शेजारणीला फोन लावायचं म्हणतायत.